जिल्हा रेसिडेन्सी, एक आजार आणि एक विनंतीअर्ज : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात शिकवते. पीजींच्या, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या, पोस्टिंगा, रजा, ड्युटीचे तक्ते हे सगळं गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. हे प्रकरण आमच्याच एका जेआर-टूचं, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटचं. तिला इथे नुसतं ‘रेसिडेंट’ म्हणते. गाव, कॉलेज, जिल्हे, महिने एकतर गाळले आहेत किंवा बदलले आहेत. आजाराचं नाव मात्र तिच्याच सांगण्यावरून ठेवलं आहे. पहिला मसुदा वाचून ती म्हणाली, “मॅडम, नुसतं ‘जुनाट आजार’ लिहिलंत तर कुणाला कळणारच नाही की सगळा प्रश्न संडासाचा होता.”

आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात. भडकला की दिवसातून दहा-बारा वेळा रक्त पडत शौचाला जावं लागतं, आणि ‘जायचंय’ असं जाणवल्यापासून हातात दोन-तीन मिनिटं असतात. औषध लागू पडलेलं असलं की तोच माणूस ठणठणीत दिसतो. हिला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी निदान झालं. आधी गोळ्या, मग स्टिरॉइडच्या दोन-तीन फेऱ्या, आणि गेलं दीड वर्ष इन्फ्लिक्सिमॅब. हे औषध सुरुवातीला शून्य, दोन आणि सहा आठवड्यांनी, नंतर दर आठ आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं, यालाच इन्फ्युजन म्हणतात. सलाइन दोन तास चालतं, त्यानंतर थोडा वेळ थांबायचं. तारीख फार लांबली तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. मग ते लागू पडेनासं होतं किंवा पुढच्या वेळी रिअ‍ॅक्शन येते. हिला एकदा अशी रिअ‍ॅक्शन येऊन गेली होती: अंगावर गांध्या, छातीत आवळल्यासारखं. दुसरी गोष्ट, या औषधावर असलेल्या माणसाला क्षयरोगाचा धोका वाढतो.

आमच्या वॉर्डात हे फक्त मला आणि तिच्या रूममेटला ठाऊक होतं. दीड वर्षात तिने एकही कॉल चुकवला नव्हता. इन्फ्युजनच्या दिवशी ती कॅज्युअल लीव्ह टाकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला हजर असायची.

आता जिल्हा रेसिडेन्सीबद्दल, क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी. 2020 च्या सप्टेंबरात पदव्युत्तर नियमांत हिची भर पडली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीतही ती आहे. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सहामाहीत तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करायचं. ते समाधानकारक पूर्ण झालं नाही तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. मला ही कल्पना मनापासून पटते. मेडिकल कॉलेजच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता कक्षात, तयार झालेल्या रेसिडेंटला जिल्ह्याचा एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष, बघायलाच हवा: ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन बाळं, रात्री एकच डॉक्टर, आणि पहाटे अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरणारं नऊशे ग्रॅमचं तिसरं. पण ‘प्रत्येकाने जायचं’ याचा अर्थ ‘प्रत्येकाने एकाच पद्धतीने जायचं’ असा होतो का, इथे हे प्रकरण अडलं.

अडचण

आमच्या बॅचमध्ये चार रेसिडेंट आणि यादीत चार रुग्णालयं होती. विभागाच्या पद्धतीप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. हिच्या चिठ्ठीत सगळ्यात लांबचा जिल्हा निघाला. एसटीने नऊ तास, मध्ये घाट, आणि त्या तीन महिन्यांत इन्फ्युजनच्या दोन तारखा, तिसऱ्या आणि अकराव्या आठवड्यात.

त्या संध्याकाळी ओपीडी संपल्यावर ती केबिनमध्ये आली. फाइल मांडीवर, उघडली नाही. म्हणाली, “मॅडम, मला सूट नकोय. एसएनसीयू करायचाच आहे मला. फक्त रात्री मी एकटी असेन आणि मला जावं लागलं, तर बाळाकडे कोण बघणार?”

तिच्या अडचणीत खरं तर तीन प्रश्न होते, आणि आम्ही पुढचे तीन आठवडे ते एकच समजत राहिलो. पहिला, उपचाराच्या ठिकाणापासूनचं अंतर. दुसरा, एकट्याची रात्र. तिसरा, क्षयरोगाचा संसर्ग. तिसऱ्याबद्दल जरा सांगते, कारण तो बालरोगाच्या लोकांच्याही लक्षात येत नाही. लहान मुलांचा क्षयरोग सहसा फारसा पसरत नाही. त्यांच्या फुप्फुसांत जंतूच कमी असतात. पण कुपोषित मूल मांडीवर घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस बसलेली, पदराआड खोकणारी आजी? मुलाला तो कुणाकडून झाला, हे तिथेच शोधावं लागतं.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे गप्प राहून जाणं. तो तिने स्वतःच मांडला. “तीन महिनेच तर आहेत, स्टिरॉइड वाढवून काढते.” तिच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी तो फोनवरच उडवून लावला.

दुसरा, आपसात अदलाबदल. पीजींच्या जगात निम्मे प्रश्न असेच सुटतात: तू माझी दिवाळी कर, मी तुझी ईद करते. पण अशा अदलाबदलीची नोंद कुठेच राहत नाही, ते उपकार ठरतात, आणि उपकार फेडायला जास्तीच्या नाइट कराव्या लागतात. हिच्या तब्येतीला नेमक्या त्याच नको होत्या.

तिसरा, बॅच बदलून पुढच्या सहामाहीत जाणं. नियमात ते बसतं. आजार भडकलेला असता तर मी हाच पर्याय धरला असता. पण ती तेव्हा बरी होती. पुढे ढकललं असतं तर थिसिसच्या तोंडावर तीच अडचण पुन्हा उभी राहिली असती.

चौथा, औषध तिकडेच देणं. थंड डब्यात व्हायल न्यायची आणि जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनच्या देखरेखीखाली सलाइन लावायचं. तिथले फिजिशियन तयारही होते, फार मोकळ्या मनाने. पण आधीची रिअ‍ॅक्शन पाहता गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी नको म्हटलं.

पाचवा, जवळचं रुग्णालय. यादीत एक असं होतं जिथून तिचं उपचाराचं केंद्र अडीच तासांवर होतं.

सहावा, कामाच्या रचनेतच बदल: रात्री सोबत दुसरा माणूस, इन्फ्युजनसाठी ठरलेली रजा, क्षयरोगाच्या संशयित रुग्णांपासून अंतर. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि आम्ही त्याचा विचार सगळ्यात शेवटी केला. आमचं डोकं ‘कुठे’ यातच अडकलं होतं, ‘कसं’ हे विचारायला आम्ही विसरलो.

पूर्ण सूट हा पर्याय मी मुद्दाम धरत नाही. नियमात ती नाही आणि तिला ती नको होती. दुसऱ्या कॉलेजात बदलीही पदव्युत्तर नियमांत बसत नाही.

हक्काचा पाया

इथे मला स्वतःला अभ्यास करावा लागला. कार्यालयातून पहिलं उत्तर आलं ते असं: “यूडीआयडी कार्ड आहे का? चाळीस टक्के आहे का? नाही? मग दिव्यांगात बसत नाही.”

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि चाळीस टक्के हे दिव्यांगत्वाचं प्रमाण. ती त्यात खरोखरच बसत नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत आणि आतड्याच्या दाहाचे आजार त्यांत नाहीत. चाळीस टक्क्यांची अट मात्र प्रवेशातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची सर्वसाधारण व्याख्या वेगळी आहे: दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव, जी आजूबाजूच्या अडथळ्यांशी गाठ पडली की माणसाला इतरांच्या बरोबरीने सहभागी होऊ देत नाही. तिथे टक्का नाही. ‘वाजवी सोयी’च्या व्याख्येतही टक्का नाही, सोय करून देणाऱ्या संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये, एवढीच मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात हेच सांगितलं: वाजवी सोय ही फक्त चाळीस टक्केवाल्यांपुरती नाही. तो उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या विकाराने त्रस्त होता आणि त्याला लेखनिक नाकारला गेला होता.

दुसरा अडथळा आला तो रेसिडेंट म्हणजे कोण यावरून. एका टेबलावर म्हणाले, “तुम्ही विद्यार्थी, कर्मचाऱ्यांचे नियम तुम्हाला लागू नाहीत.” दुसऱ्या टेबलावर म्हणाले, “तुम्ही स्टायपेंड घेता, विद्यार्थ्यांच्या सवलती तुम्हाला कशा?” हा चेंडू मी अनेक वर्षं इकडून तिकडे जाताना पाहिला आहे. या बाबतीत मात्र त्याला अर्थच नव्हता. कायद्याचं कलम 16 शिक्षणसंस्थांना वाजवी सोय करायला सांगतं, आणि कलम 20 सरकारी आस्थापनांना. रेसिडेंटला कुठल्याही रांगेत उभं करा, सोय द्यावीच लागते. मी हे दोन ओळींत टिपणात लिहिलं आणि चेंडू थांबला.

काय केलं

पहिली चूक माझी. मी तिला म्हटलं, “लगेच लेखी नको, आधी तोंडी बोलून बघू.” मला वाटलं, कागद झाला की माणसं ताठर होतात. विभागप्रमुख सरांशी बोलले, ते म्हणाले “बघू”. जिल्हा रेसिडेन्सीचं काम पाहणाऱ्या कार्यालयात बोलले, तिथेही “बघू”. पोस्टिंगला सात आठवडे होते, त्यातले तीन या ‘बघू’त गेले. तोंडी विनंतीला नकारही मिळत नाही, आणि नकारच नसेल तर पुढे दाद कशाची मागायची?

दुसरी चूकही माझीच, आणि ती मला जास्त लागते. लेखी अर्ज करताना मी तिला म्हटलं, “सगळं जोड, म्हणजे शंकेला जागा नको.” तिने निदान, औषधांची यादी, डिस्चार्ज कार्डं, कोलोनोस्कोपीचा अहवाल, सगळं जोडलं. अर्ज आवक विभागात गेला. तिथल्या बाबूंनी पद्धतीप्रमाणे प्रत्येक पानावर शिक्का मारला. चार दिवसांनी ती नस्ती माझ्यासमोर आली तेव्हा वरच्याच पानावर तिच्या आतड्याचा रंगीत फोटो होता, व्रण स्पष्ट दिसणारा, आणि त्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. माझ्यापर्यंत येताना ते पान पाच टेबलांवरून आलं होतं. बाबूंनी त्यांचं काम चोख केलं होतं. ते पान त्या वाटेला लावायला मी सांगितलं होतं.

अधिष्ठात्यांनी “वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय घ्यावा” असा शेरा मारला, आणि तो योग्यच होता. मंडळाने तिला तपासलं, कागद पाहिले आणि छापील नमुन्यावर अभिप्राय दिला. त्या नमुन्यात दोनच चौकटी असतात, ‘कर्तव्यास योग्य’ आणि ‘कर्तव्यास अयोग्य’. मंडळाने पहिलीवर खूण केली. आता सांगा, ते चुकले का? ती योग्यच होती! अयोग्य म्हटलं असतं तर तिचं प्रशिक्षणच थांबलं असतं. पण कार्यालयाने त्या खुणेचा अर्थ लावला तो असा: योग्य आहे, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे जावं, विनंती निकाली.

त्या दिवशी संध्याकाळी ती लेबर रूमच्या कॉरिडॉरमध्ये भेटली. हातात त्या अभिप्रायाची झेरॉक्स. “मॅडम, मी पास झाले,” म्हणाली, आणि रडायला लागली.

इथे या प्रकरणाला वळण मिळालं. मी मंडळाच्या अध्यक्षांना जाऊन भेटले आणि विचारलं, योग्य-अयोग्य बाजूला ठेवून मी काही प्रश्न लेखी पाठवले तर उत्तर द्याल का? ते म्हणाले, “विचारा ना, आजवर कुणी विचारलेच नाहीत.” मी पाच प्रश्न पाठवले. आजाराचं नाव एकातही नव्हतं. ठरलेल्या तारखांना उपचारासाठी किती दिवस लागतात आणि त्या तारखा किती मागेपुढे सरकू शकतात? उपचाराच्या ठिकाणापासून जास्तीत जास्त किती अंतर चालेल? जिथून पाच मिनिटंही हलता येत नाही अशा जागी एकटीने रात्रपाळी करता येईल का, आणि सोबत दुसरी व्यक्ती असेल तर? कोणत्या संसर्गापासून लांब राहणं आवश्यक आहे? ही स्थिती किती काळ राहील, पुन्हा तपासणी कधी?

उत्तर तीन दिवसांत आलं, अर्ध्या पानाचं. उपचाराला एक दिवस आणि नंतर एक दिवस विश्रांती. तारीख पाच दिवसांपेक्षा जास्त लांबवू नये. अंतर तीन-साडेतीन तासांच्या आत असावं. एकटीने रात्रपाळी नको, सोबत डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका असेल तर हरकत नाही. क्षयरोगाची खात्री किंवा दाट शंका असलेल्या रुग्णांची जबाबदारी देऊ नये. इतरत्र एन-95 मास्क. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याच मंडळाने, तेच कागद पाहून दिलेलं हे उत्तर होतं.

त्यावर आदेश निघाला. हिला जवळचं रुग्णालय, आणि ते ज्याच्या चिठ्ठीत होतं त्या सहकाऱ्याला लांबचं. रात्रपाळी सोबतीने, इन्फ्युजनच्या रजा मंजूर, पोषण पुनर्वसन केंद्राऐवजी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांमधले जन्मजात दोष आणि वाढीतला उशीर लवकर ओळखणाऱ्या केंद्रात, दिवसाचं काम.

तो सहकारी

या माणसाबद्दल कुणी विचारच केला नव्हता, मीही नाही. आदेशाचा फोटो पीजींच्या ग्रुपवर पडला तेव्हा त्याला कळलं. त्याने जवळच्या गावात खोलीचं डिपॉझिट भरलं होतं, आणि त्याची बायको गरोदर होती. तो चिडून कार्यालयात गेला. तिथे कुणीतरी त्याला शांत करायला सांगितलं, “अरे, तिला मोठा आजार आहे, तिचं आतडं...” आणि पुढचं सगळं. संध्याकाळपर्यंत होस्टेलभर झालं. कुणी कॅन्सर म्हणालं, कुणी म्हणालं संसर्गजन्य आहे. मेसमध्ये एकीने हिच्या ताटाशेजारचं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर नेलं.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि त्याला आजार कारणीभूत नव्हता. सहकाऱ्याशी आदेशाआधी कुणी दहा मिनिटं बोललं असतं, तर त्याला कारण विचारत कार्यालयात जावंच लागलं नसतं. त्याला निदान सांगायची गरज नव्हती. “मंडळाच्या शिफारशीवरून एक बदल करावा लागतोय, त्याचा भार तुझ्यावर येतोय, तुझी अडचण सांग,” एवढं पुरलं असतं. मग कदाचित यादीतलं मधल्या अंतराचं चौथं रुग्णालयही चर्चेत आलं असतं, जे आम्ही बघितलंसुद्धा नाही.

प्रत्यक्ष पोस्टिंग

आदेश जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात पोचला होता. एसएनसीयूपर्यंत पोचला नव्हता. दुसऱ्याच रात्री तक्त्यात तिचं एकटीचं नाव होतं. सोबतच्या दोन सिस्टरांपैकी एकीला अकराच्या सुमारास लेबर रूमला पाठवलं गेलं.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. पहाटे तीनच्या सुमारास सीपॅपवरच्या, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या, एका बाळाने श्वास थांबवला. ती पाठीवर चोळून त्याला उत्तेजित करत होती, बाळ परत श्वास घ्यायला लागलं, मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा 70 वरून 90 वर चढला, आणि त्याच क्षणी तिला जाणवलं की आपल्याला जायचंय. तिने उरलेल्या सिस्टरला बोलावून बाळ तिच्या हाती दिलं, गाऊन काढला, कोपऱ्यातल्या संडासाकडे धावली. दाराला कुलूप. किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे आणि त्या घरी. बाहेरून कुणीही येऊन घाण करतात म्हणून रात्री कुलूप लावायची पद्धत पडली होती. पुढचं संडास जिना उतरून, ओपीडीच्या मागे.

तिला पोचायला उशीर झाला. यापेक्षा जास्त लिहायची तिची परवानगी नाही आणि गरजही नाही. सहा वाजता ती परत वॉर्मरपाशी उभी होती, बदललेल्या स्क्रबमध्ये.

सकाळी इन्चार्ज सिस्टर आल्या. तीस वर्षांच्या नोकरीतली बाई. हिने त्यांना आदेश दाखवला नाही, फक्त म्हणाली, “सिस्टर, मला पोटाचा आजार आहे, मला रात्री किल्ली लागेल.” सिस्टरनी काही विचारलं नाही. गाऊन अडकवायच्या खुंट्यांच्या रांगेत शेवटच्या खुंटीवर लाल रिबन बांधून किल्ली टांगली. मग तक्ता घेतला आणि हिच्या पाळीच्या प्रत्येक रात्रीसमोर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘दोन्ही सिस्टर युनिटमध्येच.’ त्यानंतर तीन महिन्यांत हिच्या पाळीत कुठलीही सिस्टर लेबर रूमला गेली नाही. आमच्या सगळ्या टिपणांत, पाच प्रश्नांत, आदेशात संडास कुठे आहे आणि त्याला कुलूप असतं का, हे कुणी विचारलेलं नव्हतं.

निष्पत्ती

दोन्ही इन्फ्युजन वेळेवर झाली. दुसऱ्या महिन्यात आजार थोडा भडकला, चार दिवस रजा घ्यावी लागली, ती कॅज्युअल लीव्हमधून गेली. शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या कामातून तिला थिसिसनंतरच्या कामाचा विषय मिळाला: एसएनसीयूतून घरी गेलेल्या बाळांची ऐकण्याची तपासणी वेळेवर का होत नाही. जिल्हा समन्वयकांनी ‘समाधानकारक’ असं प्रमाणपत्र दिलं आणि ती परीक्षेला पात्र झाली.

सहकारी लांबच्या जिल्ह्यात तीन महिने राहिला. बायकोच्या बाळंतपणाला तो वेळेत पोचला, पण रात्रभर उभ्याने प्रवास करून. परत आल्यावर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. मी एकदा मध्यस्थी करायला गेले, तर ती म्हणाली, “राहू दे मॅडम, त्याचंही बरोबर आहे.” ताट उचलणारी मुलगी नंतर येऊन रडली, म्हणे. ते दोघींतच राहिलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

विनंती चिठ्ठ्यांच्या आधी घेईन. ब्रिटनमध्ये नव्या डॉक्टरांच्या दोन वर्षांच्या फाउंडेशन प्रोग्रॅमसाठी अशी सोय आहे: स्वतःच्या आजारामुळे विशिष्ट ठिकाणीच उपचार चालू ठेवणं अत्यावश्यक असलेला, लहान मूल असलेला किंवा कुणाची मुख्य शुश्रूषा करणारा विद्यार्थी जागावाटपाआधीच अर्ज करतो आणि त्याची जागा आधी ठरते. आमच्याकडे वाटप आधी आणि विनंती मागून, त्यामुळे प्रत्येक सोय ही दुसऱ्या कुणाच्या तरी हातून काढून घेतल्यासारखी दिसते. त्या सहकाऱ्याच्या हातात चिठ्ठी पडलीच नसती, तर त्याच्यावर अन्यायही झाला नसता आणि होस्टेलमध्ये बोभाटाही.

अर्जाचे दोन भाग करेन. कार्यालयात फिरणारा कागद कामाच्या गरजेचा. वैद्यकीय कागद बंद पाकिटात, मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने, मंडळापुढेच उघडायचे आणि परत पाकिटात घालायचे. कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. तो आपल्याकडे कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हे नाव पीजींना पहिल्याच दिवशी कळायला हवं.

पोस्टिंगच्या आधी तिथल्या इन्चार्ज सिस्टरला फोन करेन. शल्य चिकित्सकांना पत्र जायलाच हवं, पण तक्ता सिस्टर लिहितात.

एक प्रश्न मात्र माझ्याकडून अजून सुटलेला नाही. हिच्याकडे कागद होते: अहवाल, फोटो, औषधाच्या तारखा. या वर्षी आम्ही चिठ्ठ्यांच्या आधी विनंत्या मागवल्या. दोन आल्या. एक सोपी आहे, टाइप वन मधुमेह, इन्सुलिन पंप. दुसरी एका जेआर-टूची, कंबरेच्या दुखण्याची. एमआरआय स्वच्छ, रक्ताचे अहवाल स्वच्छ, दाखवायला काहीच नाही. तो म्हणतो, सहा तासांपेक्षा जास्त उभं राहवत नाही. विभागात एकाने विचारलं, मग सगळ्यांचीच कंबर दुखते, सगळ्यांना सोय द्यायची का? मी तेच पाच प्रश्न मंडळाकडे पाठवले आहेत, या वेळी सहावा जोडून: संडास, बसायला खुर्ची, पाणी, या गोष्टी कामाच्या जागेपासून किती पावलांवर हव्यात. मंडळ सोमवारी बसतं आहे.